प्रार्थनेनंतर उठताना

प्रार्थना संपत आली की युस्टिनाला शब्द ऐकू येईनासे होत. शेवटच्या ओळींवर आल्यावर पाळक आंद्रेआस फेटरांचा, म्हणजे इथल्या बोलीत आंद्रेआस काकांचा, आवाज जरासा खाली उतरे आणि तेवढ्यानेच तिचा हात पुढचा बाक शोधू लागे. आता सगळ्यांनी उभं राहायचं. गुडघे टेकणं सोपं असतं. देवापुढे खाली जायला कुणाला ताकद लागते? ताकद लागते ती वर यायला.

तिची एक रीत ठरलेली होती. "आमेन" म्हणायच्या आधीच ती उजवं पाऊल हळूच पुढे सरकवून ठेवायची. मग एक हात पुढच्या बाकाच्या पाठीवर, दुसरा स्वतःच्या मांडीवर, आणि आपल्याच अंगावर आपण चढत गेल्यासारखं गुडघ्यावरून मांडीवर, मांडीवरून कमरेवर हात नेत ती उभी राहायची. तोवर शेजारची राहेल उभी राहून स्कर्ट झटकून मोकळी झालेली असे. एखाद्या दिवशी हात निसटला की युस्टिनाचा भार राहेलच्या खांद्यावर पडे. मग राहेल ओठ न हलवता पुटपुटे, "मी काय भिंत आहे का गं?"

एकत्र राहून, एकत्र राबून देवाला भजणाऱ्या या लोकांच्या वसाहतीत बसायची जागा कुणी निवडत नाही. ती जन्मतारखेने मिळते. लहान पुढे, म्हातारे मागे, बायका एका हाताला, पुरुष दुसऱ्या. लग्न होऊन नवी मुलगी आली की तिच्या वयाच्या मागच्यापुढच्या दोघी थोड्या सरकतात, आणि त्या फटीत ती आयुष्यभरासाठी बसते. युस्टिना पश्चिमेकडच्या वसाहतीतून इथे आली तेव्हा राहेल सरकली होती. राहेल तिच्याहून काही आठवड्यांनीच मोठी, आणि नात्याने मामेबहीण, कारण युस्टिनाची आई मूळची इथलीच. तेव्हापासून चर्चमध्ये दोघी शेजारी, जेवणघरात शेजारी, आणि स्वयंपाकाची पाळी आली की आठवडाभर सगळ्या वसाहतीचा पाव, सूप, मटण रांधायला जोडीलाही त्याच दोघी. पाळ्यासुद्धा वयानेच लागतात.

ज्यांना गुडघे टेकता येत नाहीत त्यांच्यासाठी चर्चच्या अगदी मागे, भिंतीला लागून एक बाक आहे. तिथे म्हाताऱ्या बसतात. भिंतीच्या बाकावर गेलेल्या बाईला पुढे कुणी पाळी लावत नाही, भाजीच्या मळ्यात बोलवत नाही, बदकं सोलायला हाक मारत नाही. सगळे तिच्याशी प्रेमाने बोलतात, आणि तेच युस्टिनाला नको होतं. एरवीही पंचेचाळिशीला बायका स्वयंपाकातून सुटतातच, पण मानाने सुटतात. तिने एवढंच मागितलं होतं देवाकडे: तोवर मला माझ्या रांगेत राहू दे.

ती लहान असल्यापासून मागेच पडायची. शाळेतून जेवणघराकडे पोरं पळत सुटली की युस्टिना शेवटची, पाठीत ढकलल्यासारखी पुढे पोट काढून, डुलत डुलत येणारी. पोटऱ्या मात्र अशा भरलेल्या, की बघणाऱ्याला वाटावं ही नांगर ओढेल. शिक्षकांची बायको म्हणायची, "घोडीच्या पोटऱ्या आणि आजीबाईची चाल! देवाने दिलेलं वापरायला नको का?" मोठी बहीण मार्टा तशीच होती. मार्टा तिकडेच राहिली, तिचं लग्न झालं नाही. चाळिशीच्या आतच ती खुर्चीला खिळली. लोक म्हणायचे, लहानपणी गवताच्या गाडीवरून पडली होती, कंबरेत भरलं ते आता बाहेर पडलं. युस्टिनाही तसंच म्हणायची. गाडीवरून मार्टा पडली तेव्हा खाली गवतच होतं, हे तिला चांगलं आठवत होतं. पण कारण हाताशी असलं की माणूस दुसरं शोधत नाही.

इथे आल्यावर पहिली काही वर्षं बरी गेली. दोन मुलगे झाले. नवरा मिखेल डुकरांच्या गोठ्याचा प्रमुख, अबोल माणूस, त्याच्या अंगाला कितीही साबण लावला तरी गोठ्याचा वास राहायचाच. युस्टिनाचं शिवण चांगलं होतं. पिसांच्या दुलया शिवाव्यात तर तिने. लग्न ठरलेल्या मुली तिच्याकडेच यायच्या. शिवणाला बसून काम, तिथे तिचा हात कुणी धरू शकत नसे. पण वसाहतीत बसून करायची कामं थोडी आणि उभ्याने करायची फार. पिठाची पोती, तळघराच्या पायऱ्या, सूपाची पातेली. दरवर्षी एक एक गोष्ट तिच्या हातून निसटत गेली. आधी बादली दोन हातांनी, मग अर्धी बादली, मग बादली नकोच. केस विंचरून काळा ठिपक्यांचा रुमाल बांधतानासुद्धा कोपर टेबलावर टेकावे लागायचे.

"काय गं, आज परत तळघरात मीच?" राहेल विचारायची.

"तू चपळ आहेस."

"चपळ! गोड बोलून गाढवाला डोंगर चढवायचा म्हणजे हाच."

राहेल वाईट नव्हती. तिच्या वाट्याला दोघींचं काम यायचं, आणि दोघींचं काम करणाऱ्या बाईची जीभ गोड राहत नाही. घरी तिची स्वतःची मुलगी, सोळा वर्षांची एल्सी, तीही तिच्या मते कामचुकारच. "एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला ती. देवाने मला दोन ढेकूण दिलेत," असं ती सगळ्यांदेखत म्हणायची आणि बायका हसायच्या. एल्सी हसायची नाही, मान खाली घालून बटाटे सोलत राहायची.

ऐकून ऐकून युस्टिनालाही ते पटलं. हीच तिची खरी चूक, आणि अशी चूक इथल्याच माणसाच्या हातून होते. कामातून अंग काढणं हे जिथे चोरीइतकंच पाप, तिथे जिचं अंगच चालत नाही ती दुसरं काय समजणार? एका वसंतात ती आंद्रेआस फेटरांच्या दारात गेली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "फेटर, माझ्यात आळस आहे. मी प्रार्थना करते, पण जात नाही. मला कबुली द्यायचीये."

फेटर सत्तरीचे, मनाने नरम.

"मनापासून म्हणतेस, पोरी?"

"मनापासून."

"आळस मनात शिरतो, पण त्याला बाहेर काढायचं हाताने. दर शनिवारी चर्चची फरशी तू एकटी पुसत जा. गुडघ्यांवर बसून. उन्हाळा संपेपर्यंत. मग बघू."

तिने उन्हाळाभर फरशी पुसली. एका बाकाच्या पायापासून दुसऱ्यापर्यंत सरपटत जायची, आणि शेवटी दाराच्या कडीला धरून उभी राहायची. रविवारी अंग असं दुखायचं की जणू कुणी आतून धागे ओढून काढलेत. काही वेळा लघवीला काळसर, उकळलेल्या चहासारखा रंग यायचा. तिने ते कुणाला सांगितलं नाही. पाप बाहेर पडतंय, असं तिला वाटलं. हे वाचून कुणी हसू नये. तिची श्रद्धा खोटी नव्हती. तिला माहिती तेवढी नव्हती.

उन्हाळा संपला आणि ती आधीपेक्षा हळू झाली.

मग बदकांचे दिवस आले. त्या दिवसांत सगळी वसाहत उभी असते. पुरुष मान कापतात, बायका पिसं काढतात, म्हाताऱ्या मऊ पिसं निवडतात. नेमकी स्वयंपाकाची पाळीही त्या दोघींचीच होती. दुपारच्या जेवणाआधी युस्टिना गरम पावांचा मोठा ट्रे घेऊन निघाली. फरशीवर सूप सांडलेलं. तिचा डावा गुडघा घडी घातल्यासारखा आत गेला. ती सावकाश, जवळजवळ शांतपणे खाली बसली, आणि पाव सगळीकडे घरंगळले.

आधी बायका हसल्या. पाव घरंगळला की कुणीही हसतं. मुख्य स्वयंपाकीण म्हणाली, "बसायला बरी जागा शोधलीस!" युस्टिनाही हसली. मग तिने उठायला हात टेकला. धरायला जवळ काहीच नव्हतं. पाय पुढे घेतला, मांडीवर हात ठेवला, कंबर उचलली, आणि परत बसली. पुन्हा केलं. पुन्हा बसली.

"ऊठ की आता," राहेल म्हणाली. "बाहेर जेवायला सगळे येऊन बसलेत. नाटक कशाला?"

"येत नाही."

"काय येत नाही?"

"उठता येत नाही, राहेल."

कुणी हसेना. सगळ्या तिला ओढायला पुढे झाल्या. तेवढ्यात एल्सी कोपऱ्यातून आली, पाय ठेवायचं बुटकं स्टूल तिच्या डाव्या हाताला टेकवून ठेवलं, आणि काही न बोलता परत गेली. त्या स्टुलावर हात रेटून युस्टिना उठली. एवढ्या सगळ्या बायका ओढायला पुढे झाल्या होत्या, पण ओढून उपयोग नसतो, काहीतरी गुडघ्याएवढं उंच हवं असतं, हे त्या पोरीला कसं कळलं, असा विचार तेव्हा तिच्या मनात आला नाही. ती फार दमली होती.

संध्याकाळी मिखेल बूट काढत दारात बसला आणि म्हणाला, "उद्या शहरात जायचं. कारभाऱ्याकडून गाडी मागितलीये."

"कशाला?"

"डुकरीण तीन पायांवर उभी राहिली तर मी त्याच दिवशी डॉक्टर बोलावतो. तुझ्यासाठी इतकी वर्षं बोलावला नाही." त्याने दुसरा बूट काढला. "लाज वाटते मला, युस्टिना."

शहरातली डॉक्टर वयस्क बाई होती, तिचे डोळेही दमलेलेच. तिने युस्टिनाला खाली बसून उठायला सांगितलं नाही, चालताना पाहिलं, पोटऱ्या दाबून पाहिल्या, आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला?"

"बहिणीला. पण ती गाडीवरून पडली होती."

"असं का," डॉक्टर म्हणाली, आणि रक्त काढून घेतलं.

उत्तर यायला पानगळ सरली. दुसऱ्या खेपेला डॉक्टरने दोघांना समोर बसवलं. ती म्हणाली, हा स्नायूंचा आजार आहे, तुमच्या लोकांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. जुन्या काळी थोडी घरं समुद्र ओलांडून आली, आपसात लग्नं झाली, आणि ही एक चूक सोबत आली. आईकडून एक, वडिलांकडून एक, अशा दोन्ही चुका एकाच लेकरात आल्या तरच आजार होतो. एकच आली तर काही होत नाही. म्हणून तुमचे मुलगे धडधाकट आहेत.

"पण होतं काय नेमकं?" मिखेलने विचारलं.

डॉक्टरने कागदावर एक लांब नळी काढली. स्नायूचा एक धागा म्हणजे अशी नळी, म्हणाली. बाहेरून पातळ पडदा. आतल्या बाजूला आकुंचन पावणारा भाग, बाहेरच्या बाजूला धाग्यांना एकत्र धरणारी जाळी. धागा दर खेपेला आखडतो, सैल होतो. पडदा एकटा ती ओढ सोसू शकत नाही. म्हणून पडद्यात आरपार प्रोटीनं बसवलेली असतात, आतल्या चौकटीला बाहेरच्या जाळीशी जखडून ठेवणारी. त्यांतल्या एकाच्या बाहेरच्या टोकाला साखरेची लांब साखळी असते, आणि तीच जाळीला घट्ट धरते. "ती साखळी तयार करणारा कारागीर तुमच्या शरीरात नीट काम करत नाही. साखळी आखूड राहते. प्रोटीन जागेवर आहे, पण त्याची पकड नाही."

युस्टिना कागदाकडे बघत राहिली. "दुलई शिवताना," ती हळूच म्हणाली, "टाका वरच्या कापडात घातला, पण खालच्या कापडाला धरलाच नाही, तर दिसायला शिवण नीटच दिसते. वापरायला लागलं की कापड फाटतं आणि पिसं एका कोपऱ्यात जमतात."

"तसंच आहे ते," डॉक्टर म्हणाली. "दर ओढीला पडदा थोडा फाटतो. शरीर रफू करतं. तुमचं शरीर चाळीस वर्षं रफू करत आलंय. आता फाटणं जास्त आणि रफू कमी. जिथे रफू होत नाही तिथे चरबी भरते. पोटऱ्या म्हणूनच मोठ्या दिसतात. लघवीला कधी काळसर रंग येत असेल, तर तो फाटलेल्या स्नायूतून बाहेर पडलेला."

"म्हणजे काम केलं तर..."

"थोडं हिंडा, फिरा. पण अंग पार मोडेपर्यंत काम केलं, वजनं उचलली, दमल्यावरही रेटलं, तर जास्त फाटतं. औषध अजून नाही. हृदय आणि श्वास दरवर्षी तपासून घ्यायचे. आणि गुडघ्यांवर बसून उठणं," डॉक्टरने तिच्या रुमालाकडे पाहिलं, "तेवढं कुणाला तरी सांगून बंद करा."

परतीच्या वाटेवर दोन्हीकडे कापलेली शेतं होती आणि त्यांवर पहिलं पांढरं बर्फ पडलं होतं. वसाहत जवळ आली तेव्हा मिखेल म्हणाला, "मार्टा गवतावर पडली होती, ना?"

"हो."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"मी स्वतःलाच सांगितलं नव्हतं."

आंद्रेआस फेटरांना तिने सगळं सांगितलं. कागदावरची नळी, साखळी, टाका. ते ऐकत गेले तसे खुर्चीत लहान होत गेले.

"ती फरशी," ते म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत, फेटर."

"मला माहीत असायला नको, पण विचारायला हवं होतं. पोर दारात उभी राहून मी पापी आहे म्हणते. मी चाळीस वर्षं पाळक आहे, आणि मला एवढं सुचलं नाही की आधी तिला बसायला सांगावं." त्यांनी डोळे पुसले. "ती कबुली मी परत देतो तुला. ते पाप नव्हतंच. देवाने ते घेतलंच नसणार."

"मग मला माझी जागा राहू द्या. मी गुडघे टेकत नाही, पण रांगेतच बसते."

सगळे खाली टेकलेले असताना एकटीने मधोमध उंच बसायचं, आणि मागच्यांनी तिच्या पाठीकडे बघत प्रार्थना करायची, हे कसं दिसेल, ते दोघांनाही कळत होतं. शेवटी तीच म्हणाली, "नको. जाते मी भिंतीपाशी."

अशी तिची रांग सुटली. पंचेचाळिशीआधी, मानाने नाही.

भिंतीच्या बाकावर दोन म्हाताऱ्या होत्या. एकीला ऐकू येत नव्हतं, आणि दुसरी प्रार्थनेत घोरायची. पहिल्या संध्याकाळी युस्टिनाने मान वर केली नाही. राहेलशेजारी तिच्या जागी एक हात रुंद फट राहिली होती. ती फट बघायची तिची तयारी नव्हती. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीही तसंच. पण माणूस किती दिवस खाली बघणार? एका संध्याकाळी "आमेन" झालं आणि तिने नकळत वर पाहिलं.

जन्मभर ती या क्षणी स्वतःच्या पायांशी झगडत आली होती. बाकीचे कसे उठतात हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. आता सगळी वसाहत तिच्यासमोर एका दमात उभी राहत होती, वाऱ्याने झोपलेलं पीक परत सरळ व्हावं तसं. किती सहज उठतात ही माणसं, तिला वाटलं. द्वेष नाही, नुसतं नवल.

आणि मग राहेलशेजारच्या फटीतून दिसणाऱ्या पुढच्या बाकांवर, नुकत्याच मोठ्यांत आलेल्या मुलींमध्ये, एक रुमाल अजून खालीच होता. एक पाऊल आधीच पुढे सरकलेलं. एक हात पुढच्या बाकाच्या पाठीवर. दुसरा गुडघ्यावर, मग मांडीवर, मग कमरेवर. चटकन, चोरून, कुणाला दिसू नये अशा सफाईने. रुमाल वर आला. एल्सी.

ते बुटकं स्टूल युस्टिनाला तेव्हा आठवलं.

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. देवा, हे मला कशाला दाखवलंस, असं ती मनात म्हणत राहिली. हे सांगितलं तर राहेलच्या पोरीलाही आपल्यामागोमाग या बाकावर आणल्यासारखं होणार. नाही सांगितलं तर कुणाला कळणार होतं? अजून कितीतरी वर्षं ती पोर लपवू शकली असती. लपवणं किती जमतं आणि त्याची किंमत काय, हे युस्टिनाइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर ती भिंतीला धरत राहेलच्या घरी गेली. राहेल इस्त्री करत होती.

"ये बाई, बस. आता तुला काय, बसायचंच काम," ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. "तसं नव्हतं म्हणायचं मला."

"असू दे. एल्सी कुठाय?"

"आत. शनिवारी तिला फेटरांकडे पाठवतेय. म्हटलं, आळसाची कबुली दे, सांगतील ते काम कर. काल अंडी आणायला सांगितली तर परतायला तासभर. पायऱ्यांवर बसून राहिली होती!"

युस्टिनाने खुर्चीचे हात घट्ट धरले. "तिला पाठवू नकोस."

"का?"

"ती माझ्यासारखी उठते, राहेल."

इस्त्री थांबली. राहेलचा आवाज चढला. "तुझं झालं म्हणून आता माझ्या पोरीवर? भिंतीपाशी एकटीला करमत नाही का तुला? ती सोळाची आहे! तिचं लग्न व्हायचंय! अशी गोष्ट एकदा तोंडातून निघाली की सगळ्या वसाहतींत पोचते, माहितीये ना?"

"माहितीये."

"मग?"

"मीही कबुली दिली होती. उन्हाळाभर फरशी पुसली. त्यानंतर तळघरात मला उतरता आलं नाही. तुला वाटलं, मी मुद्दाम..." तिला पुढे बोलवेना. "तिला फक्त एकदा खाली बसून उठायला सांग. तू बघ. मी बघत नाही."

इस्त्रीखालच्या कापडाचा जळका वास आला, तेव्हा राहेलने ती उचलून बाजूला ठेवली. "एल्सी!" तिने हाक मारली. पोर आली. दोघींचे चेहरे बघून ती दारातच थबकली.

"जमिनीवर बस."

"का, आई?"

"बस म्हटलं ना. आता ऊठ. काही धरू नकोस."

एल्सीने आईकडे पाहिलं, मग युस्टिनाकडे. पाऊल पुढे घेतलं. हात गुडघ्यावर, मांडीवर. ती उठली, पण मधे एकदा थांबली, आणि त्या थांबण्यात तिचा चेहरा लाल झाला. हे राहेलने हजारदा पाहिलं असेल. आज पहिल्यांदा बघितलं.

"जिना चढताना दुखतं?" राहेलने विचारलं. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

"दुखत नाही. संपतं."

"काय संपतं?"

"माहीत नाही. पायातलं." एल्सी रडायला लागली. "मी आळशी नाहीये, आई. मला वाटतं मी आळशी नाहीये."

राहेल मटकन खुर्चीवर बसली. तिने तोंडावर रुमालाचं टोक धरलं. मग रुमालाआडूनच ती म्हणाली, "तिलाही भिंतीपाशी नेतील."

"आत्ता नाही. इतक्यात नाही," युस्टिना म्हणाली. "आधी शहरात न्या. रक्त तपासा. मला चाळीस वर्षांनी कळलं, तिला आता कळेल. ओझी उचलायची नाहीत. दमली की थांबायचं, आणि थांबली म्हणून कुणी बोलायचं नाही. दोघींच्या पाळीत जड ते तिच्या जोडीदारणीने करायचं. तेवढं फेटर सांगतील सगळ्यांना, मी त्यांना सांगायला लावते. आणि तोवर," ती खुर्चीच्या कडेवर सरकली, "आधार घेऊन उठायचं. चोरून नाही, चटकन नाही. घाईत झटका बसतो. इकडे ये, दाखवते."

दाखवायला तिने बुटकं स्टूल ओढलं आणि स्वतः खाली टेकली. डॉक्टरने सांगितलेलं तिला त्या क्षणी आठवलं नाही, किंवा आठवलं तरी तिने ऐकलं नाही. "हात असा. मांडीच्या मधोमध नाही, गुडघ्याच्या वर. आणि श्वास धरून ठेवायचा नाही, सोडायचा. बघ." तिने श्वास सोडला, कंबर उचलली. अर्ध्यावर तिचे पाय थरथरले, आणि ती परत खाली बसली.

एल्सी घाबरून पुढे झाली. युस्टिनाने मान हलवली. "नाही गं. तू नाही उचलायचं. तू तर मुळीच नाही."

राहेल उठली. डोळे लाल, नाक लाल. ती युस्टिनाच्या शेजारी, जिथे ती इतकी वर्षं बसत आली होती त्याच बाजूला, जमिनीवर गुडघे टेकून बसली आणि आपला रुंद खांदा पुढे केला.

"धर."

युस्टिनाने धरला.

"मी काय भिंत आहे का गं," राहेल म्हणाली, पण या वेळी तिचे ओठ हलत होते, आणि शब्द नीट येत नव्हते.

"हो," युस्टिना म्हणाली. "हळू ऊठ. मी येते तुझ्याबरोबर."

बाहेर प्रार्थनेची घंटा झाली. तिघींपैकी कुणालाच आज वेळेवर पोचता येणार नव्हतं.